टाउनशिपमधल्या तरुणांना फोटोग्राफी शिकवून वस्तीचं खरंच काही भलं होतं का? कार्यशाळा कशी घ्यावी?

तुम्ही दक्षिण आफ्रिकेत जोहान्सबर्गजवळच्या एका टाउनशिपमध्ये, म्हणजे वर्णभेदाच्या काळात कृष्णवर्णीयांसाठी शहराबाहेर वसवलेल्या वस्तीत, संस्थेबरोबर काम करायला जाताय, आणि यातून नुसते फोटो निघतात की आणखी काही साधतं, असं विचारलंय. साधतं, पण कॅमेऱ्यामुळे नाही. कोणता फोटो ठेवायचा, त्याखाली काय लिहायचं आणि तो कुणाला दाखवायचा, हे फोटो काढणाऱ्याने ठरवलं तरच. निवड संस्थेने केली की उरतो तो संस्थेचा वार्षिक अहवाल.

तिथे हे काम नवं नाही. छायाचित्रकार डेव्हिड गोल्डब्लाट यांनी 1989मध्ये, वर्णभेदाची राजवट असतानाच, जोहान्सबर्गला मार्केट फोटो वर्कशॉप ही फोटोग्राफीची शाळा सुरू केली. थोकोझा टाउनशिपमध्ये 2012पासून ‘ऑफ सोल अँड जॉय’ हा तरुणांना फोटोग्राफी शिकवणारा उपक्रम चालतो. तिथे शिकलेले लिंडोकुहले सोबेक्वा पुढे मॅग्नम या छायाचित्रकारांच्या नामवंत आंतरराष्ट्रीय संस्थेचे सदस्य झाले. पोचलात की आधी या दोन्ही ठिकाणी जा आणि झुलू किंवा सोथो बोलणारा शिक्षक मिळतो का बघा. इंग्रजीत गट गप्प बसतो.

गट 10-12 जणांचा ठेवा, आठवड्याला तीन तास, निदान आठ आठवडे. कॅमेरे विकत घेऊ नका. महागडी वस्तू गळ्यात घालून फिरणं धोक्याचं, आणि तुम्ही गेलात की ती कपाटात पडते. 8 मेगापिक्सेलचा फोन पुरतो, त्यातून ए-थ्री आकाराची प्रिंट चांगली येते. फक्त फोटो व्हॉट्सअॅपवर साधा पाठवला की तो लहान होतो आणि प्रिंट फुटते. डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा, किंवा डेटाचा खर्च नको असेल तर केबलने थेट लॅपटॉपवर घ्या.

पहिल्या दिवसापासून एक अडचण येते. मागे उन्हात चकाकणारे पत्रे असले की फोन त्यांच्यावरून उजेड मोजतो आणि पुढचा सावळा चेहरा काळा पडतो. स्क्रीनवर चेहऱ्यावर बोट टेकवायचं, उजेडाची पट्टी किंचित वर सरकवायची, किंवा माणसाला दाराच्या सावलीत उभं करायचं. हे आधी शिकवा. आपल्याच आईचा फोटो ओळखू येत नसेल तर मुलं दुसऱ्या आठवड्याला येत नाहीत.

खरं काम टेबलावर होतं. प्रत्येकाने आठवड्याचे पाच फोटो निवडायचे, 6×4 इंचांच्या स्वस्त प्रिंट काढून पसरायचे. स्क्रीनवर एकामागून एक बघताना तुलना होत नाही. मग ‘फोटोव्हॉइस’चे प्रश्न घ्या. लोकांनी स्वतः काढलेल्या फोटोंवरून आपले प्रश्न मांडायची ही पद्धत कॅरोलिन वांग आणि मेरी अॅन बरिस यांनी 1990च्या दशकात चीनच्या युनान प्रांतातल्या ग्रामीण बायकांबरोबर घडवली. इथे काय दिसतंय? प्रत्यक्षात काय चाललंय? आपल्या जगण्याशी याचा संबंध काय? हे असं का आहे? आपण काय करू शकतो? समजा, सार्वजनिक नळाचा फोटो आहे आणि खाली लिहिलंय ‘पाण्याची टंचाई’. चौथ्या प्रश्नापर्यंत नळ किती घरांना पुरतो, गळती कधीपासून आहे, तक्रार कुणाकडे केली, हे सगळं बाहेर येतं. फोटोखाली हेच लिहायचं, सांगणाऱ्याच्या भाषेत, त्याच्या शब्दांत. तुम्ही व्याकरण सुधारायला बसू नका.

ज्याचा फोटो घ्यायचा त्याला दोनदा विचारा: काढण्याआधी, आणि भिंतीवर लावण्याआधी प्रिंट दाखवून. 18 वर्षांखालच्यांसाठी पालकांची लेखी संमती घ्या. तिथला वैयक्तिक माहितीचा कायदा, ‘पोपिया’, मुलांच्या बाबतीत कडक आहे.

प्रदर्शन शहरातल्या गॅलरीत नको, निदान पहिलं तरी. स्पाझाची (वस्तीतल्या छोट्या किराणा दुकानाची) भिंत, चर्चचा हॉल, टॅक्सी रँक (टॅक्सींचा थांबा) अशी जागा शोधा आणि वॉर्डाच्या नगरसेवकाला बोलवा. प्रिंट मॅट कागदावर काढा, चकचकीत लॅमिनेशनवर उन्हात काही दिसत नाही. फोटोचा मध्य जमिनीपासून साधारण 145 सेंटीमीटरवर. उघड्यावर लावायचं तर जून ते ऑगस्ट बघा. तिकडे उन्हाळ्यात दुपारी वादळी पाऊस येतो.

आणि मानधन जरूर द्या, पण करार करून. दक्षिण आफ्रिकेच्या 1978च्या कॉपीराइट कायद्यानुसार पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोचा हक्क, वेगळं ठरलं नसेल तर, पैसे देणाऱ्याकडे जातो. म्हणून पहिल्याच बैठकीत एका पानावर लिहून घ्या: हक्क फोटो काढणाऱ्याचा, मूळ फाइलची एक प्रत त्याच्याकडे, आणि संस्थेला दर वापरासाठी वेगळी परवानगी.