वाचकांचे प्रश्न : विज्ञान शिकणाऱ्या मुलीला इतिहासाची सक्ती कशासाठी?

प्रश्न : माझी मुलगी तालुक्याच्या महाविद्यालयात बी.एस्सी. करते. सकाळची एस.टी. चुकली की तिचे प्रात्यक्षिक बुडते. विद्यापीठातील प्रत्येक विद्यार्थ्याला इतिहास सक्तीचा असावा, असे आपण गेल्या अंकात लिहिले. आम्ही धान पिकवणारी माणसे आहोत आणि दहावीपर्यंत तिने इतिहास वाचलेलाच आहे. मग हा भार पुन्हा कशाला?
— एक शेतकरी वाचक, जि. भंडारा

उत्तर : आपली तक्रार मला मनापासून पटते, निदान तिचा अर्धा भाग तरी. सक्तीच्या विषयाची गत काय होते, हे पर्यावरण अभ्यासाच्या बाबतीत दिसले आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९१ च्या निर्देशानंतर तो पुढे पदवीच्या सर्व शाखांना लागू झाला. हेतू उत्तम होता. परंतु गाईडमधले वीस प्रश्न आणि एकमेकांची उतरवलेली प्रकल्पवही यांवरच तो उरकला जाताना मी शिक्षक म्हणून वर्षानुवर्षे पाहिला. इतिहासाच्या नावाखाली त्याच सनावळ्या पुन्हा पाठ करून घ्यायच्या असतील, तर मी आपल्याच बाजूने उभा राहीन.

तरीही सक्ती असावी, हे माझे मत कायम आहे, आणि त्याचे कारण आपल्याच जिल्ह्यात आहे. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या चार जिल्ह्यांत माजी मालगुजारी तलाव, म्हणजे पूर्वी मालगुजारांच्या मालकीचे असलेले गावतलाव, हजारोंच्या संख्येने आहेत. त्यांतले बरेचसे गोंड राजवटीच्या काळातले असून ते बांधण्यात कोहळी समाजाचे कसब मोठे होते. चांद्याकडे, म्हणजे आजच्या चंद्रपूरकडे, तर जो तलाव बांधील त्याला त्याखाली भिजणारी जमीन देण्याची रीत होती आणि तिला तुकूम म्हणत. चंद्रपुरातील एका वस्तीचे नाव आजही तेच आहे. इंग्रजी अमलात जमाबंदी, म्हणजे शेतसाऱ्याची आकारणी, होऊन गावाचा सारा वसूल करून भरणारे मालगुजार गावांचे मालक ठरले. आपला भाग मध्य प्रदेशात असताना, १९५० च्या कायद्याने ती मालकी संपली व तलाव सरकारजमा झाले. गाळ कोणी काढायचा, पाळ कोणी बांधायची, सांडव्याची फळी कोणाच्या सांगण्यावरून उघडायची, ही गावाने मिळून सांभाळलेली व्यवस्था त्यानंतर हळूहळू सैल होत गेली.

आपली मुलगी उद्या कृषी खात्यात, जलसंधारणात किंवा तलाठी म्हणून लागली, तर अशा एखाद्या तलावाची फाईल तिच्या टेबलावर येणारच. पाळीची उंची आणि गाळाचे घनमीटर तिला काढता येतील. परंतु खालच्या बांध्यांतील शेतकरी पाण्यावर हक्क का सांगतात आणि वरच्या टोलीतील (वाडीतील) माणसे मासेमारीवरून का भांडतात, हे तिला विज्ञानाच्या कोणत्याही पेपरात सापडणार नाही. दहावीच्या इतिहासातही ते नाही, कारण ते पाठ्यपुस्तक साऱ्या राज्यासाठी एकच असते.

याच कारणासाठी साऱ्या विदर्भालाही एक पुस्तक पुरणार नाही. वऱ्हाड निजामाकडून १८५३ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीच्या कारभाराखाली आले, तेथे रयतवारी, म्हणजे शेतकऱ्याने सारा थेट सरकारला भरण्याची पद्धत, राहिली, आणि तिथला गुंता कापसाचा आहे. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले म्हणून वऱ्हाडातील कापसाला भाव आला, १८६७ मध्ये रेल्वे नागपूरला पोहोचली, आणि १८९९-१९०० च्या दुष्काळात त्याच कापसाच्या मुलखात माणसे अन्नाला मोताद झाली. यवतमाळच्या वाणिज्य शाखेतील विद्यार्थ्याला हा क्रम ठाऊक नसेल, तर बाजारभावाचा त्याचा अभ्यास अपुराच राहील, असे मला वाटते.

म्हणून माझी मागणी मर्यादित आहे. सर्व शाखांना एकच पेपर, एकाच सत्रापुरता, आणि तो आपल्या जिल्ह्यातील जमीन, पाणी, जंगल व पिके यांच्या इतिहासाचा असावा. त्याचे निम्मे गुण एखादा जुना दस्तऐवज स्वतः वाचून त्यावर लिहिण्याला असावेत. तास शेवटची एस.टी. सुटण्यापूर्वीच्या वेळापत्रकात बसवावेत. एस.टी.ची आपली ही अडचण मी किरकोळ मानत नाही. शिकवायला पूर्णवेळ प्राध्यापकही हवेत. ते नेमायचे नसतील, तर सक्ती करण्याचा अधिकार विद्यापीठाला उरत नाही.

तोवर घरचा एक मार्ग सुचवतो. आपल्या गावाचे निस्तार पत्रक आणि वाजिब-उल-अर्ज यांच्या नकलेसाठी मुलीला तहसील कार्यालयात अर्ज करायला सांगावे. गावकऱ्यांनी लाकूड, चारा, माती कोठून घ्यायची आणि पाण्यावर व वाटेवर कोणाचा कोणता हक्क, हे त्यांत नोंदलेले असते. वनहक्क कायद्याखालील सामूहिक दाव्यांत निस्ताराच्या जुन्या नोंदी पुरावा म्हणून चालतात. गडचिरोलीतील मेंढा-लेखा गावाला २००९ मध्ये असाच सामूहिक हक्क मिळाला. नक्कल हाती आली की ती घरातल्या सर्वांत वडील माणसाजवळ बसून वाचावी, आणि त्यांत लिहिलेली कोणती वाट आज बुजली आहे व कोणत्या बोडीवर (लहान तळ्यावर) आता कोणाचे शेत आहे, ते मुलीने वहीत उतरवून घ्यावे. त्या वहीतील चार पाने तिने या सदराकडे पाठवली, तर पुढच्या अंकात छापण्याची शिफारस मी संपादकांकडे करीन.