बीटी लावली तरी डोमकळी का? कपाशी, तूर आणि संत्र्यावरच्या तीन प्रश्नांची उत्तरे

पोळा झाल्यापासून नागपूर जिल्ह्यातून येणाऱ्या प्रश्नांत ‘प्रतिकारक’ हा शब्द सारखा येतो आहे. बियाण्याच्या पाकिटावर तो छापलेला असतो, कृषी केंद्रात तो ऐकायला मिळतो, संत्र्याच्या रोपवाटिकेत तर हमखास. मग वावरात कीड-रोग दिसला की शेतकऱ्याला फसवणूक झाल्यासारखं वाटतं. कधी ती खरंच झालेली असते. पण बहुतेक वेळा एक प्रश्न विचारायचा राहून गेलेला असतो: प्रतिकारक, पण कशाला? हिंगणा, भिवापूर आणि काटोल या तालुक्यांतून आलेल्या तीन प्रश्नांची उत्तरं तो प्रश्न धरूनच देत आहे.

हिंगणा तालुका: “दोन जनुकांची बीटी लावली, दोन फवारे झाले, तरी पऱ्हाटीवर डोमकळ्या दिसतात. बियाणं बोगस आहे का?”

बियाणं बोगस असेलच असं नाही. बीटी म्हणजे बोंडअळीला मारणारं विष स्वतःच तयार करणारी कपाशी, आणि डोमकळी म्हणजे गुलाबी बोंडअळी आत शिरल्याने नीट न उमललेलं फूल. अस्सल बीटीवरही आज गुलाबी बोंडअळी जगते. एका जनुकाच्या बीटीला आपल्या देशात २००२ मध्ये परवानगी मिळाली, दोन जनुकांची बीटी २००६ मध्ये आली. २०१० च्या सुमारास गुजरातेत पहिल्या जनुकाच्या विषाला न जुमानणारी गुलाबी अळी सापडली. पुढे दुसऱ्या विषालाही ती सरावली आणि २०१७ च्या खरिपात विदर्भाने त्याची झळ सोसली. हिरव्या आणि ठिपक्यांच्या बोंडअळीवर बीटीचा वचक अजून आहे, म्हणून तिला सरसकट निकामी म्हणू नका. पण गुलाबी अळीसाठी तिच्या भरवशावर राहण्याचे दिवस गेले.

असं का झालं हे नीट समजून घ्या, कारण उपाय त्यातूनच निघतो. हिरवी अळी तूर, हरभरा, टोमॅटो अशा कितीतरी पिकांवर जगते. बीटीच्या विषाशी गाठ न पडलेले तिचे पतंग आजूबाजूला सतत तयार होतात. सरावलेल्या पतंगांचा त्यांच्याशी संकर होतो आणि सराव पातळ होत राहतो. गुलाबी अळीचं तसं नाही. तिचं पोट जवळपास पूर्णपणे कपाशीवर. चहूकडे बीटीच असेल, तर तिच्या प्रत्येक पिढीची तीच परीक्षा होते आणि त्या परीक्षेत पास झालेल्याच पुढची पिढी वाढवतात. बीटीसोबत मिळणारी १२० ग्रॅमची नॉन-बीटीची पुडी याचसाठी होती. ती धुऱ्यावर फेकली गेली किंवा घरातच पडून राहिली. आता नॉन-बीटी बी पाकिटातच मिसळून येतं, तेव्हा वेगळी दिसणारी झाडं ‘भेसळ’ समजून उपटू नका.

दुसरं कारण बोंडाच्या आत आहे. आपण पेरतो ते संकरित बियाणं. त्या झाडाच्या पानात, पातीत म्हणजे फुलाच्या कळीत, फुलात दोन्ही विषं असतात. पण बोंडातली सरकी ही त्या झाडाची पुढची पिढी आहे आणि तिच्यात जनुकांची वाटणी होते. एकेक जनुक साधारण चारातल्या तीन दाण्यांत उतरतं आणि सोळात एखादा दाणा दोन्ही विषांशिवायचा निघतो. गुलाबी अळी नेमकी सरकीच खाते. एकाच बोंडात तिला विषारी, अर्धविषारी आणि बिनविषारी दाणे शेजारी-शेजारी मिळतात, म्हणजे मरण्याऐवजी सरावण्याची सोय आपोआप होते. त्यात झाड ११०-१२० दिवसांचं झालं की विषाचं प्रमाणही उतरतं. उशिरा लागलेली बोंडं जास्त किडतात ती त्यामुळे.

आता तुमच्या दोन फवाऱ्यांबद्दल. अंड्यातून निघालेली अळी थोड्याच वेळात पातीत, फुलात किंवा कोवळ्या बोंडात शिरते. बोंड वाढतं तसं शिरलेलं छिद्र बुजून जातं. त्यानंतर वरून काहीही मारा, आतल्या अळीला त्याचा पत्ता लागत नाही. म्हणून फवारणीची वेळ औषधाच्या नावापेक्षा महत्त्वाची आहे, आणि ती वेळ सापळा आणि बोंड सांगतं.

निगराणीसाठी एकरी २ कामगंध सापळे, म्हणजे मादीच्या वासाने नर पतंग ओढणारे सापळे, लावा. पतंग पकडून संख्या कमी करायची असेल तर एकरी ८ लावा. पीक ४५ दिवसांचं झालं की सापळा शेंड्यापेक्षा फूटभर उंच राहील असा उभारा आणि पीक वाढेल तसा वर घ्या. आमिष म्हणजे ल्युअर गुलाबी बोंडअळीचाच आहे ना, हे पुडीवर वाचून घ्या. हिरव्या अळीचा ल्युअर लावून ‘पतंगच नाहीत’ अशी खात्री बाळगणारे बरेच जण आहेत. ल्युअर दर तीन आठवड्यांनी बदला आणि तंबाखू किंवा औषधाच्या हाताने त्याला शिवू नका. सलग तीन दिवस, एका सापळ्यात, रोज ८ पतंग आले तर फवारणीची वेळ झाली.

फक्त सापळ्यावर थांबू नका. आठवड्यातून एकदा एकरभर वावरात तिरपं चाला आणि वीस झाडांची एकेक हिरवी बोंडं तोडा. पंधरा-वीस दिवसांची, अंगठ्याने फुटतील अशी. धुऱ्यावर बसून ती फोडा. पाकळीच्या आतल्या बाजूला बारीक फोडासारखे उंचवटे आणि दाण्यात पांढुरकी किंवा गुलाबी अळी दिसली तर ते बोंड किडकं. वीसपैकी दोन बोंडांत जिवंत अळी, किंवा शंभर फुलांत ५ ते १० डोमकळ्या, ही मर्यादा. डोमकळी ओळखायला सोपी आहे: पाकळ्या उमलत नाहीत, रेशमी धाग्याने विणल्यासारख्या मिटून पिळवटलेल्या राहतात. ती उलगडली की आत अळी सापडते. अशा कळ्या वेचून गोळा करा आणि नष्ट करा, तासात टाकून देऊ नका.

कधी बोंड आतून तपकिरी-लाल सडलेलं निघतं, पण अळी नसते. पावसाळी, ढगाळ दिवसांत ती आतली बोंडसड असते, जिवाणूंमुळे होणारी. लाल ढेकणासारखे रस शोषणारे किडे तिला वाट करून देतात. तिथे बोंडअळीचं औषध मारणं म्हणजे पैसा वाया. कॉपर ऑक्सिक्लोराइड २५ ग्रॅम १० लिटर पाण्यात घेऊन फवारा.

औषधांचा क्रम असा ठेवा. मर्यादेच्या खाली असताना ५ टक्के निंबोळी अर्क. शक्य असेल तर ट्रायकोग्रामा या अळीची अंडी संपवणाऱ्या मित्रकीटकाची कार्डं एकरी ६०,००० अंडी या हिशोबाने लावा, पण त्याच्या मागे-पुढे आठवडाभर रासायनिक फवारा नको. सप्टेंबरमध्ये मर्यादा ओलांडली तर क्विनॉलफॉस २५ टक्के प्रवाही २० मिली किंवा थायोडिकार्ब ७५ टक्के २० ग्रॅम. ऑक्टोबरात आधी मारलेलं औषध सोडून दुसऱ्या गटातलं, म्हणजे थायोडिकार्ब आधी झालं नसेल तर ते, किंवा इमामेक्टिन बेन्झोएट ५ टक्के ४ ग्रॅम. सायपरमेथ्रिन, फेनव्हॅलरेट ही पायरेथ्रॉइड औषधं नोव्हेंबरच्या आधी हातातच घेऊ नका. लवकर मारली की मित्रकीटक मरतात आणि पांढरी माशी उसळते. एकच औषध पाठोपाठ दोनदा मारू नका. बीटीबाबत जे झालं तेच औषधाबाबत होतं, सराव पडतो.

वरच्या मात्रा १० लिटर पाण्याच्या आहेत. तुमचा पंप १५ लिटरचा असेल तर दीडपट घ्या. दोन-तीन कीटकनाशकं एकत्र करून ‘जालीम’ घोळ तयार करायची सवय सोडा. २०१७ मध्येच यवतमाळ जिल्ह्यात फवारताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले. डोक्याइतक्या उंच, दाटलेल्या पऱ्हाटीत फवारताना तोंडावर, अंगावर सगळं येतं. मास्क, चष्मा, हातमोजे, पूर्ण बाह्यांचा सदरा घाला, वारा पाठीमागून येईल असं चाला, दुपारच्या उन्हात फवारू नका. मजुराला हे साहित्य देणं ही वावर मालकाची जबाबदारी आहे.

सगळ्यात परिणामकारक उपाय मात्र बाटलीत नाही. ही अळी हंगाम संपताना दोन सरक्या एकत्र जोडून त्यात सुप्तावस्थेत जाते, किडक्या बोंडात आणि घरात साठवलेल्या कापसातही. कपाशी नसेल तर बाहेर आलेला पतंग उपाशीच संपतो. म्हणून डिसेंबरअखेर पीक उलगडा. फरदडीचे, म्हणजे त्यानंतरही पीक ठेवून घेतलेल्या कापसाचे, चार-दोन क्विंटल पुढच्या हंगामातल्या फवाऱ्यांवर खर्च होतात. शेवटच्या वेच्यानंतर जनावरं सोडा, उरलेली पऱ्हाटी श्रेडरने बारीक करा. सरपणासाठी धुऱ्यावर रचलेला पऱ्हाटीचा ढीग म्हणजे अळीचं कोठार. मे महिन्यात ओलितावर लवकर पेरणी करू नका, उन्हाळ्यात निघालेल्या पतंगांना त्या लवकरच्या पात्या आयत्या मिळतात. पुढच्या वर्षी १५०-१६० दिवसांत मोकळा होणारा वाण निवडा.

वाण निवडताना पान उलटून पाहायची सवय चांगली. पानाच्या खालच्या बाजूला दाट, लांब लव असली तर तुडतुड्याला अंडी घालणं आणि रस शोषणं जड जातं. पण हीच लव पांढऱ्या माशीला मानवते. एका किडीसाठी प्रतिकार, तोच दुसरीसाठी निवारा.

भिवापूर तालुका: “मर प्रतिकारक म्हणून तूर पेरली. काही झाडं वाळली, काही हिरवीगार आहेत पण त्यांना फूलच नाही. दोन्ही मरच का?”

दोन्ही वेगळे रोग आहेत. वाळलेलं झाड उपटा आणि खोड विळ्याने उभं चिरा. सालीखाली काळपट-तपकिरी रेघा वर चढत गेलेल्या दिसल्या तर ती मर. बाहेरून खोडावर बुडापासून जांभळट पट्टाही दिसतो. रेघा नसतील आणि झाड सखल, पाणी साचलेल्या जागचं असेल, तर ती मूळकूज किंवा फायटोफ्थोरा या बुरशीचा करपा. करप्यात खोडावर खोलगट चट्टा पडतो आणि वाऱ्याने झाड तिथूनच मोडतं. तिथे वाणाला दोष देऊ नका, चर काढून पाणी बाहेर काढा.

हिरवं पण बिनफुलाचं झाड हे वांझ रोगाचं. पानं लहान, फिक्या-गडद ठिपक्यांची, झाड झुडपासारखं. हा विषाणूजन्य रोग डोळ्यांना न दिसणाऱ्या कोळ्यामुळे पसरतो, मातीतून नाही. ‘मारुती’ हा जुना वाण हे याचं ठळक उदाहरण: मर रोगाला चिवट, पण वांझ रोगाला बळी पडणारा. दोन्ही रोगांना प्रतिकारक वाण पाहिजे असेल तर बीएसएमआर ७३६ किंवा आयसीपीएल ८७११९, म्हणजे ‘आशा’, असे पर्याय आहेत.

घरचं बी वापरत असाल तर आणखी एक गोष्ट. तुरीत मधमाश्यांमुळे परपरागीभवन बरंच होतं. शेजारच्या वावरातल्या साध्या तुरीचा परागकण तुमच्या ‘आशा’वर पडतो आणि हळूहळू प्रतिकार कमी होत जातो. तीन वर्षांनी बी बदला.

वाळलेल्या झाडाला या वर्षी काही उपाय नाही. ते मुळासकट काढून जाळा, वांझ झाडं तर दिसताच काढा. मरची बुरशी जमिनीत तीन-चार वर्षं टिकते, त्यामुळे त्या वावरात लगेच तूर नको. पुढे तूर घ्याल तेव्हा ज्वारीचं आंतरपीक घ्या, मर त्याने कमी होते. पेरताना बियाण्याला किलोला ५ ते १० ग्रॅम ट्रायकोडर्मा, म्हणजे रोगाच्या बुरशीला रोखणारी मित्रबुरशी, चोळा.

काटोल तालुका: “जंबेरीवरची कलमं, पाच वर्षांची बाग. बुंध्यातून डिंक येतो. खुंट रोगाला चालतो असं सांगितलं होतं.”

बुंध्यातला हा डिंक बहुधा फायटोफ्थोरा बुरशीचा. जंबेरी खुंटावर, म्हणजे ज्या झाडाच्या मुळांवर संत्र्याचा डोळा भरतात त्यावर, संत्रा जोमाने वाढतो, पण फायटोफ्थोराला जंबेरी नाजूक आहे. रंगपूर लाइम हा दुसरा खुंट त्या मानाने जास्त सहनशील. सहनशील म्हणजे रोग होणारच नाही असं नव्हे, रोग येऊनही झाड तग धरतं एवढंच. नवी लागवड करताना जमिनीपासून सुमारे ९ इंचांवर डोळा भरलेलं रोप घ्या आणि कलमाचा जोड मातीच्या वरच ठेवा. जोड गाडला गेला की रोगाला बळी पडणारी संत्र्याची सालच मातीत जाते आणि मग कोणताही खुंट तिला वाचवू शकत नाही.

आता झाड तपासा. बुंध्याजवळची माती हलकेच उकरून बारीक मुळं बोटात धरून ओढा. साल मोज्यासारखी निसटून आत नुसता पांढरा दोरा उरला तर मूळकूजही आहे. डिंक आलेल्या जागची साल धारदार चाकूने निरोगी भाग लागेपर्यंत खरवडा, तुकडे बागेबाहेर नेऊन जाळा आणि बोर्डो मलम लावा. एक किलो मोरचूद पाच लिटर पाण्यात, एक किलो कळीचा चुना पाच लिटर पाण्यात, वेगवेगळ्या प्लास्टिकच्या भांड्यांत भिजवा. दोन्ही एकाच वेळी तिसऱ्या भांड्यात ओता आणि ढवळत राहा. लोखंडी खिळा किंवा विळ्याचं पातं मिनिटभर बुडवा, तांबूस थर चढला तर चुना कमी पडला आहे, थोडी निवळी घाला. जमिनीपासून तीन फुटांपर्यंत लावा, पावसाळ्याआधी आणि नंतर. तयार केलेलं मलम त्याच दिवशी संपवा.

मुळांसाठी मेटॅलॅक्झिल आणि मॅन्कोझेबचं मिश्र बुरशीनाशक लिटरला २.५ ग्रॅम घेऊन आळ्यात ओता. त्यावर लगेच ट्रायकोडर्मा टाकू नका, औषधाबरोबर तोही मरेल, तीन-चार आठवडे जाऊ द्या. या बुरशीचे बीजाणू पाण्यात पोहत मुळापर्यंत येतात, म्हणून पाटाचं पाणी एका झाडाच्या बुंध्याला लागून दुसऱ्याकडे जाऊ देऊ नका. बुंध्याभोवती मातीचा उंचवटा असलेलं दुहेरी आळं करा, पाणी बाहेरच्या कड्यातच फिरलं पाहिजे. ठिबक असेल तर नळी बुंध्यापासून दोन-अडीच फूट दूर सरकवा.