वॉर्ड तुझ्या हाती आलाय

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद.

परिसेविकेची, म्हणजे वॉर्डच्या इन्चार्ज सिस्टरची, ऑर्डर निघाली, हे तू सांगायच्या आधीच तुझ्या आवाजावरून कळलं होतं. आनंद होता आणि त्याच्या खाली धास्तीही. "मॅडम, कालपर्यंत ज्यांच्याबरोबर डबा खाल्ला, त्यांना आता काम कसं सांगू?" असं तू विचारलंस. फोनवर मला नीट सांगता आलं नाही, म्हणून लिहायला बसले.

मी इन्चार्ज झाले तेव्हा मेडिसिनचा वॉर्ड मिळाला. खाटा ४०, रुग्ण साठाच्या वर, उरलेल्यांच्या गाद्या जमिनीवर. दुसऱ्याच आठवड्यात एका स्टाफ सिस्टरने शेजारशेजारच्या शिंदे आडनावाच्या दोन रुग्णांमध्ये गल्लत केली. एकाचं अँटिबायोटिक दुसऱ्याला गेलं. सुदैवाने रुग्णाला काही झालं नाही. ती स्वतः धावत सांगायला आली होती. मी मात्र नातेवाइकांसमोर, वॉर्डातल्या मदतनीस मामा-मावशींसमोर तिला नको नको ते बोलले. तिचा तो उतरलेला चेहरा मला आजही आठवतो. त्या दिवशी वाटलं, शिस्त लागली. पुढचे तीन महिने वॉर्डात एकही चूक माझ्या कानावर आली नाही.

मग एका रात्री इन्सुलिन दोनदा गेलं. इव्हिनिंगच्या सिस्टरने दिलं, पण सही करायची राहिली. ओव्हर देताना, म्हणजे पुढच्या पाळीला वॉर्ड सोपवतानाही, ती बोलली नाही. नाईटच्या मुलीने कागद कोरा बघून पुन्हा दिलं. अर्ध्या तासात तिच्या लक्षात आलं, पण तिने कोणालाच सांगितलं नाही. साखरपाणी पाजत त्या आजोबांच्या उशाशी बसून राहिली. पहाटे ते घामाने भिजले, असंबद्ध बोलायला लागले, तेव्हा कुठे तिने रेसिडेंट डॉक्टरला उठवलं. शिरेतून डेक्स्ट्रोज, म्हणजे साखरेचं सलाईन, गेलं, आजोबा शुद्धीवर आले आणि त्यांनी चहा मागितला. सकाळी मी तिला विचारलं, "लगेच का नाही सांगितलंस?" ती म्हणाली, "तुमची भीती वाटली."

कागदावर ती चूक दोघींची होती. त्या रात्रीची शांतता मात्र माझी होती, मी तीन महिने आधी स्वतःच्या हाताने लावलेली.

पुढे एका कार्यशाळेत एमी एडमंडसन या अमेरिकन संशोधिकेचं काम ऐकलं. १९९०च्या दशकात तिने रुग्णालयांमधल्या औषधांच्या चुका अभ्यासल्या. जिथे एकमेकांशी चांगलं जमतं तिथे चुका कमी असतील, असा तिचा अंदाज होता. निघालं उलटंच. चांगल्या टीममध्ये नोंदलेल्या चुका जास्त होत्या, कारण तिथली माणसं न घाबरता बोलत होती. ते ऐकताना माझ्या डोळ्यांसमोर माझे ते तीन 'स्वच्छ' महिने उभे राहिले.

तेव्हा तुझ्या वॉर्डात कोणाशी कसं जमतंय हे बघायचं असेल, तर वाईट बातमी तुझ्यापर्यंत किती लवकर येते तेवढं बघ. पहिली बातमी घेऊन येणाऱ्या मुलीकडे सगळा वॉर्ड बघत असतो. तिला आधी "बरं झालं सांगितलंस" म्हण आणि तिच्याबरोबर रुग्णाकडे जा. कसं झालं, हे दुपारी ड्यूटी रूममध्ये दार लावून विचार. 'कोणी केलं' यापेक्षा 'कसं घडलं' या प्रश्नातून जास्त हाती लागतं. आम्ही त्यानंतर एकाच आडनावाचे दोन रुग्ण शेजारी ठेवणं बंद केलं, आणि इन्सुलिनची सही खाटेजवळच करायची असं ठरवलं.

याचा अर्थ सगळं पोटात घालायचं असा नाही. रुग्णाला हात न लावता टेबलावर बसून टी.पी.आर. (ताप, नाडी, श्वास) भरणं ही चूक नाही, ते खोटं आहे. तिथे बोलव, स्पष्ट सांग, पुन्हा झालं तर मेमो दे. मैत्रीण असली तरी दे. फक्त चारचौघांत नको.

आता ड्यूटी लिस्ट. माणसं तुझ्या भाषणावरून नाही, या एका कागदावरून तुला ओळखतील. नाईट कोणाला लागोपाठ लागतात, भाऊबीजेला कोण घरी जातं, गणपतीत कोकणातल्या मुलींना सुट्टी मिळते का, नाताळात केरळच्या सिस्टरची ड्यूटी कुठली, हे सगळ्यांच्या तोंडपाठ असतं. महिना संपायच्या आधी पेन्सिलने कच्ची यादी लाव, दोन दिवस भिंतीवर राहू दे, हरकती ऐक, मग शाईने लिही. दिवाळीतला एक दिवस स्वतःच्या नावावर घे. मी पहिल्या वर्षी ते केलं नाही, आणि त्याची आठवण मला पुढची कित्येक वर्षं करून दिली गेली. बदलून दिलेली ड्यूटी वहीत लिहून ठेव, नाहीतर जी मुलगी तोंड उघडत नाही तिच्यावरच दरवेळी अन्याय होतो.

मावशींना नावाने हाक मार. "तीन नंबरची बाई सकाळपासून बोलेना" हे डॉक्टरांच्या राऊंडच्या आधी त्यांना दिसतं.

रेसिडेंट मुलं झोपेविना असतात. रात्री फोन करून "डॉक्टर, पेशंट बरा दिसत नाही, येता का" एवढंच म्हटलं की चिडचिड होते आणि ते येत नाहीत. तुझ्या मुलींना चार गोष्टी क्रमाने सांगायला शिकव: आत्ता काय होतंय, आधीचा आजार काय, मला काय वाटतं, मला तुमच्याकडून काय हवंय. मूळ अमेरिकी नौदलातल्या पाणबुड्यांवरची ही पद्धत पुढे तिथल्या रुग्णालयांनी उचलली. "बारा नंबर, बीपी ८० वर ५०, काल ऑपरेशन झालंय, आतून रक्त जातंय असं मला वाटतं, तुम्ही आत्ता या." असं म्हटल्यावर कोणी कूस बदलून झोपत नाही. तिसरी गोष्ट म्हणताना मुली अडखळतात. 'मला काय वाटतं' हे सांगायचा आपल्याला अधिकार आहे, असं त्यांना कोणी सांगितलेलंच नसतं. ते तू सांग.

राहिला तुझा मूळ प्रश्न. डबा त्यांच्याबरोबरच खा. पण जेवताना कोणाच्या कामाविषयी बोलू नकोस, आणि तुझ्या बॅचच्या त्या मैत्रिणीला, जिचं नाव बढतीच्या यादीत तुझ्या मागे राहिलं, पहिल्याच दिवशी एकटीला भेट. तिला आयसीयूचं काम तुझ्याहून जास्त कळतं, हे तूच मला सांगितलं होतंस. तेच तिला सांग, आणि नव्या मुलींना शिकवायची जबाबदारी तिच्याकडे दे.

पहिली ड्यूटी लिस्ट पेन्सिलने लिहून झाली की घेऊन ये. रविवारी मी घरीच असते. दोघी मिळून बघू.

तुझी,
मॅडम