पांदेबोनो एकादशीला का चालत नाही

प्रिय ओवी,

रविवारी त्या कोलंबियन बेकरीत तू मला एक प्रश्न विचारलास आणि मी "नाही चालत म्हणजे नाही चालत" म्हणून मोकळा झालो. मागे रांग होती, हातात ट्रे होता, सकाळपासून पोटात काही नव्हतं. या झाल्या सबबी. खरं म्हणजे मला उत्तर येत नव्हतं. आता येतं, निदान अर्धंमुर्धं. मराठीत लिहितोय, कारण मराठी शाळेला सुट्टी लागल्यापासून तुझं वाचनही सुट्टीवर गेलंय. जोडाक्षर अडलं तर आईला विचार. 'आल्मोहाबाना' या कोलंबियन पावाच्या नावाला मात्र तीही अडखळेल.

युका म्हणजे कसावाचं मूळ, पांदेबोनो म्हणजे त्याच्या सत्त्वाचा चीज घातलेला पाव. तुझा प्रश्न असा होता: "बाबा, साबुदाण्याच्या पाकिटावर टॅपिओका लिहिलंय. टॅपिओका म्हणजे युका. पांदेबोनो पण युकाचा. मग एक चालतो आणि एक का नाही?"

वकील हो तू पुढे.

चूक माझीच होती. आपला रविवार ठरलेला. आधी न्यूयॉर्कच्या जॅक्सन हाइट्समध्ये ७४व्या रस्त्यावर किराणा, मग रूझवेल्ट ॲव्हेन्यूने, डोक्यावरच्या पुलावरून ७ नंबरची मेट्रो धडधडत असताना, चालत ८२व्या रस्त्याकडे. पोहे-हिंगाचा वास संपतो आणि भाजलेल्या मक्याचा सुरू होतो, मधे आठ गल्ल्या. यंदा, २०२५ साली, ६ जुलैला आषाढी रविवारीच आली. साबुदाणा, शेंगदाणे घेतले आणि तिथून घरी वळायचं, तर पाय सवयीने पुढेच गेले. एकादशीच्या दिवशी बेकरीत! तेही तुझा पहिलाच उपास असताना. आजीला फोनवर "मी पण करणार" असं तू कबूल केलं होतंस, आणि मी तुला नेमकं त्या काचेच्या कपाटासमोर नेऊन उभं केलं.

आणि काय काय होतं त्या कपाटात! वरच्या फळीवर पिवळ्याधमक एम्पानादा. आत बटाटा आणि खिमा, बाहेर मक्याची पारी, शेजारी कोथिंबीर-पातीचा कांदा-मिरचीच्या आहीची वाटी. ही आही म्हणजे पाट्यावरून निसटून व्हिनेगरमध्ये पडलेली आपली चटणी. त्याखाली बुन्युएलो, टेनिसच्या चेंडूएवढे, तळून तांबूस झालेले. मग रोस्कोन, साखर भुरभुरलेलं पावाचं कडं, पोटात बोकादियो. बोकादियो म्हणजे पेरू आटवून केलेली वडी, गोव्यात जिला पेराद म्हणतात तिची सख्खी बहीण. आणि काउंटरजवळ, नुकतेच भट्टीतून आलेले पांदेबोनो.

एरवी तू दुकानाच्या दारातच तुझा पांदेबोनो मोडतेस. वरची साल पातळ, ठिकठिकाणी तडकलेली. आत जवळजवळ पोकळ, कडेला चिवट पांढरा गर, आणि वाफेबरोबर किंचित आंबूस वास. पाच मिनिटांत खाल्ला तर स्वर्ग, घरी नेईपर्यंत थांबलं तर रबर, संध्याकाळपर्यंत दगड. साबुदाण्याच्या खिचडीचंही हेच ना? कढईतून ताटात येईपर्यंत मोकळी, लुसलुशीत. आईचा फोन लांबला की एक गोळा. या बाबतीत तुझं बरोबर आहे, दोघांचं रक्त एकच. युका शिजला की फुलतो, गार झाला की आखडतो.

काउंटरवरच्या काकूंना मी माझ्या मोडक्या स्पॅनिशमध्ये विचारलं, यात काय काय आहे. तुला त्या 'मी आमोर' म्हणतात आणि मला 'वेसिनो', म्हणजे शेजारी. आपल्याकडे भाजीवाल्या मावशी 'दादा' म्हणतात तसं. त्यांनी बोटांवर मोजून सांगितलं: युकाचं आल्मिदोन म्हणजे सत्त्व, चीज, अंडं, मक्याचं पीठ. मी विचारलं, मक्याशिवाय? त्यांनी पलीकडच्या ट्रेकडे बोट केलं, पान दे युका. त्यात मका नाही, पण अंडं आहे. मी म्हटलं, आज आम्ही धान्य खात नाही, देवाचा दिवस आहे. त्यांना यात काहीच नवल वाटलं नाही. "क्वारेस्मासारखं," म्हणाल्या. क्वारेस्मा म्हणजे ईस्टरच्या आधीचे चाळीस दिवस, त्यातल्या शुक्रवारी त्यांच्याकडे मांस वर्ज्य. मासे चालतात. मासा मांस कसा नाही, हे त्यांच्या मुलांनीही त्यांना कधीतरी विचारलं असणारच. 'चालतं' आणि 'चालत नाही' ही भाषा सगळ्या आयांना येते.

म्हणजे तुझ्या प्रश्नाचं सरळ उत्तर हे: पांदेबोनोला मका आणि अंडं नडतं. युका बिचारा निर्दोष आहे. एकादशीला आपण धान्य खात नाही, कारण त्या दिवशी पाप धान्यात वस्तीला येतं अशी जुनी समजूत. मका हे धान्य, तेव्हा तो बाद. अंड्याचं तर बोलायलाच नको. पान दे युका कोणी अंड्याशिवाय केला, तर त्याला हरकत घ्यायला माझ्याकडे मुद्दा नाही.

इथे थांबता आलं असतं. पण तू पुढचा प्रश्न विचारणारच, की युका मुळात उपासाच्या ताटात आलाच कसा? तो काही ज्ञानोबा-तुकोबांनी खाल्लेला नाही.

युका दक्षिण अमेरिकेतला. तिथल्या लोकांनी तो हजारो वर्षांपूर्वी लावायला घेतला आणि पोर्तुगीजांनी जहाजांतून जगभर नेला. केरळात १८८०च्या दशकात त्रावणकोरचे महाराज विशाखम तिरुनाळ यांनी त्याच्या लागवडीला जोर दिला. तांदूळ कमी पडला तर लोकांच्या पोटाला काहीतरी असावं म्हणून. तिथे त्याला कप्पा म्हणतात. पण साबुदाणा हा शब्द त्याच्याहून जुना आहे. तो आला मलायातल्या 'सागू'वरून, आणि सागू म्हणजे एका ताडासारख्या झाडाच्या बुंध्यातला गर. त्याचे दाणे आग्नेय आशियातून जहाजाने यायचे. दुसऱ्या महायुद्धात तो माल यायचा थांबला, तेव्हा तमिळनाडूत सेलमच्या लोकांनी कप्पाच्या सत्त्वाचे दाणे पाडायला घेतले. मुळं सोलायची, किसायची, दूध निवळू द्यायचं, खाली बसलेला साका फोडून, झोळीत हलवून त्याचे मोती करायचे, तव्यावर भाजायचे, अंगणात वाळवायचे. आज आपण खातो तो साबुदाणा हाच.

कळलं का काय झालं? ताटातला साबुदाणा आतून बदलला. आधी झाडाच्या बुंध्यातला होता, मग जमिनीखालच्या मुळाचा झाला. नाव तेच, रंग तोच, खिचडी तीच, आणि 'आता हा चालतो का' असं कोणी विचारलं नाही. तू पहिली.

आणि एकट्या युकाला कशाला धरायचं? खिचडीत काय काय असतं आठव. शेंगदाणा तिकडचा. हिरवी मिरची तिकडची. बटाटा तिकडचा, आणि त्याचं नावही पोर्तुगिजांकडून घेतलेलं. शेजारी उकडलेलं रताळं असेल तर तेही तिकडचं. राजगिऱ्याचा लाडू, तोही. तूप, जिरं आणि मीठ एवढंच काय ते समुद्राच्या अलीकडचं. आजी ज्याला 'आपलं साधं उपासाचं' म्हणते त्या ताटाची निम्म्याहून जास्त नावं या बेकरीतल्या काकूंच्या आजीने ओळखली असती.

हे सगळं आत कसं शिरलं, याबद्दल माझा एक अंदाज आहे. फक्त अंदाज, मराठी शाळेत बाईंना सांगू नकोस. गहू, ज्वारी, बाजरी, तांदूळ वर्ज्य, असं ठरलं तेव्हा ही मंडळी इथे आलेलीच नव्हती, त्यामुळे त्यांची नावं बंदीच्या यादीत नाहीत. नवा पाहुणा दारात आला, यादी बघितली, नाव नाही, या आत. बायकांना दिवसभर उपाशीपोटी चुलीपुढे राबायचं होतं. त्यांनी ही पळवाट सोडली नाही, आणि सोडावी तरी का? नियम मोडायचा नाही आणि पोरंबाळं कळवळूही द्यायची नाहीत, याचा हा हिशोब. 'एकादशी आणि दुप्पट खाशी' ही म्हण उगाच नाही पडली. आपल्या घरातही शिस्त किती पक्की आहे बघ. वरई सरळसरळ गवताचं बी, म्हणजे धान्यच, पण फराळाची म्हणून मिरवते आणि सुटते. कोथिंबीर फलटणला आजीकडे चालत नाही, आईच्या माहेरी चालते. लग्नानंतरच्या पहिल्या आषाढीला आमचं पहिलं भांडण कोथिंबिरीवरून झालं. ती जिंकली. म्हणून आपल्या खिचडीवर कोथिंबीर असते, आणि आजी आली की नसते.

युकाची तिकडची करामत मात्र सांगायलाच हवी. पांदेबोनोत ना मैदा, ना यीस्ट, तरी तो फुगतो कसा? कोलंबियाच्या नैऋत्येला काउका नावाचा प्रांत आहे, तिथे युका किसून त्याचा साका पाण्याखाली टाक्यांत वीस-तीस दिवस आंबवतात आणि मग उन्हात वाळवतात. आंबणं आणि ऊन, दोन्ही लागतात. भट्टीत वाळवलेला साका तसा फुगत नाही. तो आंबूस वास तिथून येतो. शेजारच्या व्हाये देल काउकामधल्या लोकांनी त्यात चीज घालून पांदेबोनो केला. 'पान' म्हणजे पाव. आपला पाव पोर्तुगिजांच्या 'पांव'वरून आला, त्यांचा पान स्पॅनिशमधून, दोघे चुलतभाऊ. सेलमच्या अंगणात आणि काउकाच्या अंगणात एकाच मुळाचं पांढरं सत्त्व उन्हात पडलेलं असतं. एकाचे मोती होतात, एकाचा पाव.

रविवारी त्या दुकानात आपल्याला चालण्यासारखी एक गोष्ट निघालीच: आग्वापानेला. पानेला म्हणजे गूळ, अगदी आपल्यासारखा ढेपेतला, आणि आग्वापानेला म्हणजे गरम पाण्यात विरघळवलेला गूळ. तू पहिला घोट घेऊन म्हणालीस, "हे तर आजीचं गूळपाणी!" फलटणला उन्हातून कोणी आलं की आजी आधी गुळाचा खडा आणि पाण्याचा तांब्या पुढे करते. इथे लिंबू पिळून कपात देतात. काकूंनी सोबत चीजचा तुकडा ठेवला होता, तो तू निमूटपणे परत सरकवलास. चीज चालतं की नाही यावर मी अजून विचार करतोय. दूध चालतं, दही चालतं, मग चीज का नाही? विचारू नकोस.

निघताना काकूंनी आईसाठी घेतलेल्या चार पांदेबोनोंच्या पिशवीत एक बुन्युएलो वर टाकला, "न्यापा" म्हणाल्या. न्यापा म्हणजे माप झाल्यावर वर घातलेलं. मंडईत मेथीची जुडी घेतली की चार मिरच्या आणि कढीपत्त्याची काडी पिशवीत पडते, तसं. तुझ्यासाठीच होता तो, हे तुलाही कळलं. घरापर्यंत ती पिशवी तू छातीशी धरून आणलीस. कागदाला तेलाचा डाग मोठा होत गेला, पण तू आत डोकावलीस नाहीस. मी बघत होतो.

रात्री नऊला आजीला फोन केला. तिकडे सोमवारचे सकाळचे साडेसहा, तिचा द्वादशीचा स्वयंपाक चालू. तुझा प्रश्न जसाच्या तसा तिला सांगितला. साबुदाण्याचाच पाव करतात म्हटल्यावर ती जरा वेळ गप्प राहिली. मग एकच विचारलं, "अंडं असतं का रे त्यात?" मी म्हटलं, असतं, आणि मकाही. "मग नाही," ती म्हणाली. आणि फोन ठेवता ठेवता, "बिनअंड्याचा कुणी करत असेल तर कृती विचारून ठेव. वरईचं पीठ घालून बघते."

तुझं पारणं तर तुला माहीतच आहे. सोमवारी सकाळी आईने वरण-भाताची तयारी केली होती, आणि तू उठल्या उठल्या फ्रिजमधून तो बुन्युएलो काढलास. कालचा, दगड झालेला. मायक्रोवेव्हमध्ये वीस सेकंद, मग देवापुढे नैवेद्य दाखवून, मग दोन घासांत गायब. द्वादशीचं पारणं बुन्युएलोने फेडलेली आपल्या घराण्यातली तू पहिलीच. आजीला हे अजून सांगितलेलं नाही. सांगायचं तर तूच सांग, मला मधे घेऊ नकोस.

पुढची एकादशी २१ तारखेला, सोमवारी आहे. आंबवलेल्या युकाच्या पिठाचं पाकीट मी आणून ठेवलंय, पोह्यांच्या डब्यामागे.

तुझा,
बाबा