अंतराळ दुर्बीण शटर मिटून अंधाराचे फोटो का काढते? तो वेळ वाया जात नाही का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: हबलसारखी महागडी दुर्बीण वर पाठवल्यावर तिचं मिनिट न् मिनिट आकाश पाहण्यात जायला हवं, मग ती शटर मिटून अंधाराचे फोटो का घेते आणि तेच ते ओळखीचे तारे पुन्हा पुन्हा का मोजते?

आधी वेळेचा हिशेब सांगतो. हबल साधारण ९५ मिनिटांत पृथ्वीभोवती एक फेरी मारते. बहुतेक लक्ष्यांच्या बाबतीत त्यातली ४० मिनिटं तरी मध्ये पृथ्वीच आडवी येते. त्या वेळात तारा दिसतच नाही, म्हणून अंधाराचे फोटो आणि दिव्यांच्या चाचण्या शक्यतो तेव्हाच उरकून घेतात. जिनिंगवर कापसाच्या बंड्यांची रांग लागलेली असताना कोणी वजनकाटा झाडत नाही, रांग तुटली की झाडून घेतात. तसंच हे. काही वेळ मात्र खरोखर आकाश पाहण्याच्या वेळातून काढून द्यावा लागतो, आणि तो द्यायलाच हवा असं माझं ठाम मत आहे. का, ते सांगतो.

मी यवतमाळ जिल्ह्यातला, पांढरकवड्याच्या बाजूचा. कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवतो. एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी मी ॲस्ट्रोसॅट या आपल्या भारतीय अंतराळ दुर्बिणीचा डेटा हाताळला. पण कॅलिब्रेशन, म्हणजे मोजणारं यंत्रच आधी तपासून घेणं, मला कळलं ते त्याच्या कितीतरी आधी, कापसाच्या काट्यावर.

बाबा कापूस विकायला निघाले की बंडीत गठ्ठ्यांसोबत डीएपी खताचं एक न फोडलेलं पोतं टाकायचे, ५० किलोचं. काट्यावर पोहोचले की पहिलं वाक्य ठरलेलं असायचं, "आधी रिकामा काटा पाहू दे गा भाऊ." रिकाम्या काट्यावर शून्य दिसलं की ते पोतं मधोमध ठेवायचे आणि मग एकेका कोपऱ्यावर सरकवायचे. एका खरेदीदाराकडे मध्ये पन्नास दाखवणारा काटा एका कोपऱ्यावर अठ्ठेचाळीस दाखवू लागला. बाबांनी आवाज चढवला नाही. "मंग सारं मधातच ठेवू," म्हणाले, आणि त्या दिवशी प्रत्येक गठ्ठा मधोमध ठेवूनच मोजला गेला.

दुर्बिणीवर हेच सगळं होतं. हबलच्या कॅमेऱ्यात सीसीडी असतो, म्हणजे लाखो बारीक खणांची एक चकती. प्रत्येक खण, म्हणजे पिक्सेल, हा एक वेगळा काटाच समजा. उजेड पडला की खणात इलेक्ट्रॉन जमतात आणि शेवटी ते मोजले जातात. शून्य वेळाचा, उजेडाशिवायचा फोटो घेतला तरी आकडा शून्य येत नाही. मोजणीतली थरथर शून्याच्या खाली जाऊ नये म्हणून इंजिनिअर मुद्दाम थोडा आकडा आधीच मिळवून ठेवतात. याला बायस म्हणतात. हा बाबांचा रिकामा काटा. तो काळानुसार हलतो, म्हणून पुन्हा पुन्हा पाहावा लागतो.

बाबांच्या काट्यावर नसलेली एक गोष्ट इथे असते, ती म्हणजे वेळ. रात्री अंगणात रिकामी परात ठेवली तर पहाटे तिच्यात दव जमलेलं असतं. पाणी कोणी ओतलेलं नसतं. परात जितका वेळ बाहेर, तितकं दव जास्त. सीसीडीतही उष्णतेमुळे उजेडाशिवाय इलेक्ट्रॉन सुटत राहतात आणि खणात साचतात. अर्धा तास उघडा ठेवलेल्या फोटोत अर्ध्या तासाचं 'दव' असतं. ते किती, हे कळायचं तर तितकाच वेळ शटर मिटून फोटो घ्यायचा आणि तो खऱ्या फोटोतून वजा करायचा. तुम्ही ज्याला अंधाराचा फोटो म्हणता तो हाच, डार्क. एकच घेऊन भागत नाही. वरच्या त्या कक्षेत वैश्विक किरण सतत आदळत असतात आणि अर्ध्या तासात हजारो पिक्सेलवर पांढऱ्या रेघा नि ठिपके सोडून जातात. म्हणून बरेच डार्क घेऊन एकत्र करतात. जे ठिपके एकाच फोटोत दिसतात ते किरणांचे, जे सगळ्यांत त्याच जागी दिसतात ते पिक्सेलचे स्वतःचे.

हे दुसरे ठिपके, म्हणजे हॉट पिक्सेल, ही रोजची लढाई आहे. किरणोत्सर्गाचा मार बसून पिक्सेल बिघडतात आणि रोज नवे बिघडत राहतात. हबल दक्षिण अटलांटिकवरच्या एका पट्ट्यातून जाते तेव्हा हा मार फार वाढतो, कारण तिथे पृथ्वीचं चुंबकीय कवच कमजोर आहे आणि विद्युतभारित कण खालपर्यंत उतरतात. त्या भागातून जाताना निरीक्षण थांबवतात. तरीही नुकसान होतंच. त्यावर उपाय काय, तर शेक देणं. हबलचा २००९ मध्ये बसवलेला वाइड फील्ड कॅमेरा ३ घ्या. त्याचा दृश्य-अतिनील सीसीडी उणे ८३ अंश सेल्सिअसला चालतो. साधारण महिन्यातून एकदा त्याला आपल्या खोलीतल्या तापमानापर्यंत गरम करतात आणि पुन्हा थंड करतात. एवढ्यानं नव्यानं बिघडलेले बरेचसे पिक्सेल ताळ्यावर येतात. काही कायमचेच जातात, त्यांची यादी ठेवावी लागते, आणि ती यादी सतत नवी करावी लागते. मला या कामाचं फार अप्रूप वाटतं. त्यात कोणताही शोध लागत नाही, त्याची बातमी येत नाही, आणि कोणीतरी महिन्यामागून महिने ते करत असतं.

मार खाल्लेल्या सीसीडीचा आणखी एक आजार आपल्याकडच्या माणसाला चटकन कळेल. खणांतले इलेक्ट्रॉन जागेवर मोजत नाहीत. ते ओळीनं पुढच्या खणात सरकवत सरकवत काठापर्यंत आणतात आणि तिथे मोजतात. ओलीत करताना विहिरीचं पाणी दांडातून शेवटच्या वाफ्यापर्यंत जातं, तसं. दांड कोरडा आणि भेगाळलेला असेल तर सुरुवातीचं पाणी भेगाच पितात, टोकाला धार बारीक पोहोचते. सीसीडीत किरणांनी अशा भेगा पाडलेल्या असतात. वाटेत काही इलेक्ट्रॉन अडकतात आणि उशिरा सुटून ताऱ्यामागे शेपटी काढतात. अंधूक तारा तर त्यातच गडप होतो. उपाय शेतकऱ्याचाच आहे: आधी दांड ओला करून घ्यायचा. फोटोच्या शेवटी कॅमेऱ्यातल्या छोट्या दिव्याचा मंद उजेड साऱ्या चकतीवर टाकतात. त्या इलेक्ट्रॉननी भेगा भरतात आणि ताऱ्याचे इलेक्ट्रॉन बरेचसे पार पडतात. टाकलेला उजेड नंतर वजा करतात. अर्थात तो किती होता, हेही आधी मोजलेलं असावं लागतं.

कोपऱ्याकोपऱ्यातला फरक पकडायला फ्लॅट घेतात, म्हणजे सगळीकडे सारखा उजेड पाडलेला फोटो. शिवाय ओमेगा सेंटॉरीसारखा दाट तारकागुच्छ चकतीवर इकडेतिकडे सरकवून पाहतात. तारा तोच, जागा वेगळी, मग आकडाही तोच यायला हवा. ही बाबांची पोतं सरकवण्याचीच रीत.

आणि खुद्द पोतं? हबलसाठी ते काम प्रामुख्यानं तीन श्वेतबटू, म्हणजे इंधन संपून आक्रसलेले, तारे करतात: जी१९१-बी२बी, जीडी १५३ आणि जीडी ७१. यांचं वातावरण जवळपास निव्वळ हायड्रोजनचं आहे. त्यामुळे कोणत्या रंगात किती उजेड यायला हवा, हे भौतिकशास्त्राच्या गणितानं काढता येतं. 'तेच ते तारे पुन्हा पुन्हा' म्हणता ते असे असतात.

आता ॲस्ट्रोसॅट. ती २८ सप्टेंबर २०१५ रोजी श्रीहरिकोट्याहून गेली, सुमारे ६५० किलोमीटर उंचीवर. तिची कक्षा विषुववृत्ताशी फक्त ६ अंश कललेली ठेवली. मघाशी सांगितलेल्या त्या वाईट पट्ट्याचा मार कमी बसावा, हे त्यामागचं मोठं कारण. तिच्यावर यूव्हीआयटी ही अतिनील दुर्बीण आहे, सुमारे ३८ सेंटिमीटरच्या दोन नळ्यांची. उपग्रहातूनच सुटणाऱ्या वाफांचा अगदी पातळ थर आरशावर बसला तरी अतिनील उजेड गिळला जातो. म्हणून वर गेल्यावर तिची दारं तब्बल दोन महिने उघडलीच नाहीत. उघडल्यावर पहिला नेम धरला तो एनजीसी १८८ या तारकागुच्छावर. तो ध्रुवताऱ्याजवळ असल्यानं वर्षभर केव्हाही पाहता येतो, आणि पुढेही पुन्हा पुन्हा तोच पाहत राहिले. त्याचे तारे मंद दिसू लागले तर समजायचं की आरसा मळला किंवा डिटेक्टर थकला. प्रकल्पाच्या दिवसांत रात्री ओलिताची वीज आली की काकाजी शेतावर जायचे आणि मी त्या फायली डाउनलोडला लावायचो. पहिले काही दिवस मलाही वाटायचं की नवीन काही न पाहता हे एकाच गुच्छाकडे किती वेळा बघणार? मग दोन वेगवेगळ्या वर्षांचे आकडे शेजारी ठेवून पाहिले आणि तो प्रश्न पुन्हा मनात आला नाही.

यापुढची गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. कसोटीचं वजनच चुकलं तर?

२०१८ मध्ये युरियाचं पोतं ५० किलोवरून ४५ किलोचं झालं. त्या वर्षी दिवाळीनंतर काकाजी कापूस घेऊन गेले आणि बाबांसारखंच त्यांनी पोतं काट्यावर ठेवलं, पण युरियाचं. काट्यानं पंचेचाळीस दाखवले. काकाजी खवळले, "पाच किलोचा चोट्टेपणा करतं का बे!" चांगला अर्धा तास भांडण चाललं. बाबा पोहोचले आणि एवढंच म्हणाले, "पोतं वाच आधी." काटा बरोबर होता. काकाजींनी तिथेच त्या माणसाचे हात धरून माफी मागितली.

हबलच्या आरशाचं नेमकं असंच झालं, फक्त तिथे पोतं वाचायला कोणी वेळेवर पोहोचलं नाही. २.४ मीटरचा तो आरसा घासताना त्याचा आकार तपासायला एक खास उपकरण होतं. त्यातलं एक भिंग १.३ मिलिमीटरनं चुकीच्या जागी बसलं. कारागिरांनी त्या उपकरणाच्या सांगण्याप्रमाणे आरसा अतिशय अचूक घासला आणि अतिशय अचूकपणे चुकीचा केला. कड सुमारे २ मायक्रॉननं जास्त सपाट झाली, म्हणजे केसाच्या जाडीचा जेमतेम पन्नासावा भाग. दुसऱ्या दोन साध्या तपासण्यांत काहीतरी खटकलं होतं. पण खास उपकरणावर भरवसा इतका, की ते आकडे बाजूला सारले गेले. एप्रिल १९९० मध्ये दुर्बीण वर गेली, जूनमध्ये चूक कळली आणि डिसेंबर १९९३ मध्ये अंतराळवीरांनी वर जाऊन ती सुधारली.

याच्या उलटं उदाहरण क्ष-किरणांतलं आहे आणि ते मला फार आवडतं. वृषभ राशीतला क्रॅब तेजोमेघ क्ष-किरणांत इतका स्थिर मानला जायचा की इतर स्रोतांची तेजस्विता 'इतके क्रॅब' अशी सांगत. जानेवारी २०११ मध्ये शास्त्रज्ञांनी जाहीर केलं की दोन वर्षांत क्रॅबच सुमारे ७ टक्क्यांनी मंदावलाय. पहिली शंका अर्थातच यंत्रावर होती. पण फर्मी, आरएक्सटीई, स्विफ्ट आणि इंटिग्रल, चारही वेगवेगळ्या उपग्रहांवर तीच घट दिसली. चार काटे एकच सांगत असतील तर पोतंच हलकं झालं म्हणायचं. ॲस्ट्रोसॅटवरच्या सीझेडटीआय या क्ष-किरण उपकरणात तर कसोटीसाठी अमेरिसियमचा एक बारीक किरणोत्सारी स्रोतच सोबत दिलाय. त्याच्या किरणांची ऊर्जा सुमारे ६० किलो इलेक्ट्रॉन व्होल्ट असते, आणि आकाशातलं काहीही बदललं तरी ती बदलत नाही.

हे सगळं घरी करून पाहता येतं. मोबाइलच्या कॅमेऱ्यात प्रो मोड असेल तर आयएसओ वाढवा, कॅमेऱ्यावर काळं कापड चार घड्या करून घट्ट गुंडाळा आणि जमेल तितक्या जास्त सेकंदांचा फोटो घ्या. शक्य असेल तर रॉ प्रकारात साठवा, कारण साध्या फोटोत मोबाइल स्वतःच ठिपके पुसून टाकतो. एक फोटो डिसेंबरच्या पहाटे अंगणात घ्या. दुसरा मे महिन्यात, पारा ४५ च्या वर असताना, दुपारच्या सावलीत घ्या. दोन्ही उजळ करून शेजारी ठेवा. मेच्या फोटोत जास्त ठिपके दिसतील, लाल, निळे, पांढरे, हुबेहूब तारे भरलेल्या आकाशासारखे. त्यातला एकही तारा नाही हे तुम्हाला माहीत असेल, कारण कापड तुम्हीच गुंडाळलेलं असेल.