डोंग्याच्या लाकडी खुंट्या : सुरुवात कुठून करावी

भाऊ, वैनगंगेत डोंगा घालायची घाई समजते, पण पहिल्याच दिवशी वल्ह्याचा आधार करायला घेऊ नकोस. आधी दोर अडकवायची दोन शिंगांची खुंटी कर. बिघडली तरी वीतभर लाकूडच जाईल. सागाचे तुकडे सुताराकडे पडलेले असतात. त्यातला तपकिरी गाभा घे, कडेचा फिकट भाग पाण्यात लवकर सडतो.

सगळ्यात जास्त चुकतं ते लाकडातल्या तंतूंच्या रेषांचं. रेषा खुंटीच्या लांबीतच धावल्या पाहिजेत. आडव्या आल्या की दोराच्या एका झटक्यात शिंग कट्कन तुटतं. म्हणून कापायच्या आधी पेन्सिलीनं रेषांच्या दिशेचा बाण काढ.

बाकी:
- स्क्रूपेक्षा बारीक भोक आधी पाड, नाहीतर लाकूड चिरतं. स्क्रू पितळी किंवा स्टेनलेस. साधा खिळा गंजतो.
- कडा पॉलिश पेपरनं गोल कर, धारेवर दोर झिजतो.

शेवटी जवसाचं तेल, पण रंगाच्या दुकानातलं. घाण्यावरचं खायचं तेल वाळतच नाही लवकर. कापलेल्या टोकांना जास्त पाज, पाणी तिथूनच शिरतं. आणि तेलाच्या चिंध्या गोळा करून कोपऱ्यात टाकू नकोस, आपोआप पेट घेतात. बाहेर मोकळ्या हवेत एकेक पसरून वाळव.