कुठं निघालासा?

चिरंजीवास अनेक आशीर्वाद,

कोल्हापुरात बदली होऊन जेमतेम तीन आठवडे झाले आणि माणसांच्या चौकशांनी तू हैराण झालास, हे तुझ्या पत्रावरून कळले. जिना उतरताना घरमालकीणबाई "कुठं निघालासा?" विचारतात, परतल्यावर "जेवलासा काय?" विचारतात, आणि तुला उलटतपासणी चालल्यासारखे वाटते. डोंबिवलीत वाढलेल्या माणसाला तसे वाटायचेच. मलाही वाटले होते.

लोकलमध्ये "कुठे उतरणार?" हा प्रश्न आपण रोज ऐकतो, पण विचारणाऱ्याला आपल्याविषयी काडीचे कुतूहल नसते, त्याला आपली जागा हवी असते. माझे कोल्हापूरचे मामा एकदा गाडीत या प्रश्नाला मनापासून उत्तर देऊ लागले, की भाचीला मुलगा झालाय, तिला बघायला कल्याणला चाललोय. तर समोरचा गृहस्थ 'कल्याण' ऐकताच पुढच्या बाकाकडे वळला. त्याच्या उद्धटपणाविषयी मामा रात्री जेवतानाही बोलत होते.

कोल्हापुरात "कुठं निघालासा?" हा प्रश्न नमस्कारासारखा वापरतात. "जरा बाजारात" एवढे उत्तर पुरते. कोणत्या बाजारात आणि कशाला, हे सहसा कोणी विचारत नाही. शिवाय 'निघालासा'मधला तो 'सा' नीट ऐक. तो आदराचा आहे. तुझ्या आईच्या वयाच्या बाई तुला 'निघालास?' म्हणू शकल्या असत्या, त्या तसे म्हणत नाहीत.

मी कोल्हापुरात नवीन असताना एका किराणा दुकानात यादी हातात धरून उभा होतो, आणि दुकानदार माझ्या आधीच्या बाईंशी त्यांच्या मुलाच्या दहावीच्या निकालाविषयी बोलत होता. साखर केव्हाच बांधून झाली होती, पैसे गल्ल्यात गेले होते, तरी बोलणे संपेना. मी तिसऱ्यांदा घड्याळ पाहिले तेव्हा तो शांतपणे म्हणाला, "साहेब, गाडी सुटालीय काय तुमची?" त्या दिवसापासून किराणा आणायला निघताना मी अर्धा तास हातचा राखू लागलो.

मात्र सगळ्याच चौकशा निरागस असतात, असे मी तुला सांगणार नाही. "आडनाव काय? मूळ गाव कुठलं?" या प्रश्नांमागे कधी ओळख काढण्याची हौस असते, तर कधी जात काढण्याचा डाव असतो, आणि हा डाव मुंबईतही खोली भाड्याने घेताना खेळला जातोच. अशा वेळी "डोंबिवलीचा" एवढेच सांगून विषय पावसावर न्यावा. हे उत्तर उद्धट ठरत नाही.

तिथली बोली ओढूनताणून बोलू नकोस. दर वाक्याला 'लई भारी' आणि 'नाद खुळा' म्हणणारा मुंबईकर तिथे लगेच ओळखू येतो. उलट, कचेरीतली एखादी ताई "मी जेवून आलो" म्हणाली, तर तिचे व्याकरण सुधारायला जाऊ नकोस. तिथल्या अनेक बायका स्वतःविषयी असेच बोलतात आणि त्यांना त्यात काही वावगे वाटत नाही. तू आपले डोंबिवलीचेच मराठी बोल, 'बसा की' आणि 'या की' यांमधला 'की' चारसहा महिन्यांत आपोआप जिभेवर येईल.

उद्या जिना उतरताना घरमालकीणबाईंनी विचारण्याआधी तूच त्यांना "चहा झाला का?" म्हणून विचार, आणि त्या काय म्हणाल्या ते मला सविस्तर लिही.

तुझा,
काका